पोरगा दिला, दोन कोपरे घेतले

१९९४ साल. मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि आमच्या गावचा कबड्डीचा संघ तीन वर्षं आमच्याच यात्रेत पहिल्या फेरीत हरत होता. दुसऱ्या गावात हरलं तर एसटीत तोंड लपवता येतं. आमचं मैदान देवळामागं आणि माझं घर तिथून शंभर पावलांवर. त्या शंभर पावलांत मी जेवढे टोमणे ऐकलेत तेवढे माझ्या उसाला डोळे फुटले नसतील.

संघ मी चालवायचो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण मैदानात कोण कुठं उभा राहिला पाहिजे ते मला कळतं, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. दुखणं मला दिसत होतं. आमच्या प्रत्येक पोराला चढाईच करायची असायची. चढाईला गेलं की सगळ्या गावाचे डोळे आपल्यावर. कोपऱ्यात वाकून येणाऱ्याच्या पायाकडं बघत राहायला कुणी तयार नाही. आणि सामना जिंकतात कोपरेवाले. डावीकडं एक, उजवीकडं एक, घोटा धरला की सोडायचा नाही, असे दोन गडी ज्याच्याकडं, ढाल त्याच्याकडं.

चढाईला आमच्यात सगळ्यात तेज माझा स्वतःचा पोरगा होता. बावीस वर्षांचा. वारं होतं वारं.

दिवाळीनंतर एकदा आष्ट्याच्या बाजाराला गेलो होतो. तिथं एक एडका दावं तोडून माणसांत घुसला. बायका ओरडल्या, भाजीच्या पाट्या लवंडल्या. वाटेत दोघं भाऊ बसून भाकरी खात होते. थोरल्यानं भाकरी डाव्या हातात घेतली, उठलासुद्धा नाही, उजव्या हातानं जाणाऱ्या एडक्याचा मागचा घोटा धरला. धाकटा न बोलता पुढून आडवा झाला. एडका जागच्या जागी खाली. थोरल्यानं भाकरीचा पुढचा घास घेतला.

मी तिथंच उभा राहिलो. चौकशी केली तर दोघं जतकडचे, मेंढरं घेऊन या बाजूला उतरलेले, घरात कानडी बोलणारे. आष्ट्याच्या संघवाल्यानं त्यांना आपल्यात घेऊन राखीव म्हणून बसवून ठेवलं होतं. त्यालाही चढाईवालेच हवे होते. सोनं पायपुसण्यासारखं दारात टाकलेलं!

तो संघवाला पूर्वीचा हेडी, म्हणजे बैलांचे सौदे करणारा. त्याच्याकडं गेलो तर त्यानं सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. बैलबाजाराची ही रीत आहे. वर तोंडानं पावसापाण्याचं बोलायचं आणि टॉवेलाखाली बोटं धरून सौदा करायचा, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. मी त्याची दोन बोटं धरली. त्यानं एक सोडवून घेतलं. मी परत दोन धरली. तेव्हा त्यानं माझा अंगठा दाबला.

अंगठा म्हणजे माझा पोरगा. हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

"उसाला पानी कसं हाय?" त्यानं वर विचारलं.

"बरं हाय," मी म्हणालो, आणि बोटं सोडली नाहीत.

सौदा एका वर्षाचा. घरी येऊन पोराला सांगितलं.

"मला इचारायचं तरी, आबा."

"आता इचारतोय की."

मग म्हणाला, "माझ्या बदल्यात दोघं?"

"दोघं."

"म्हंजे मी एकटा दोघांच्या तोडीचा!"

माझंच रक्त. राग आला होता त्याला, पण छाती फुगलेली मला दिसली. मी वहीचा कागद फाडून ना हरकत दाखला माझ्या हातानं लिहिला. अक्षर वाकडं, सही सरळ. आष्ट्याच्या संघवाल्यानं पोराची राहायची सोयही तिथंच केली.

त्याच्या आईनं पोराची पिशवी भरून दिली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. गावानं मात्र बोलणं सोडलं नाही. देवळाच्या ओट्यावरचे म्हणायचे, "पोटचा पोरगा देऊन मेंढकी आणली गड्या! आता ढालीच्या जागी कोकरू मिळनार!" मी त्या ओट्यावर सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदाच्या यात्रंत ढाल गावात ऱ्हायली न्हाई, तर मी संघ सोडला. मैदानात परत पाय ठेवनार न्हाई." बोलून गेलो. बोललेलं मागं घ्यायची मला सवय नाही.

मग चार महिने घाम काढला. चढाईवाल्या पोरांना मी वाकून उभं राहायला लावलं. जो कुरकुरला त्याला घरी धाडला. दोघं भाऊ मराठी थोडं बोलायचे, पण मैदानात उतरले की कानडीच. थोरला ओरडायचा, "हिडी!" म्हणजे धर. धाकटा ओरडायचा, "बिडबेड!" म्हणजे सोडू नको. महिन्याभरात आमची सगळी पोरं "हिडी, बिडबेड" करायला लागली आणि यात्रेपर्यंत मीही.

भाऊ राहायला आमच्याच घरी होते. बायकोचा माझ्याशी अबोला, पण त्यांच्या ताटात तूप. पोराच्या वाटणीचं दूध, पोराच्या वाटणीची पोळी, सगळं त्या थोरल्याच्या पोटात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला गडी, नको म्हणायला लाजायचा. मी बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. इथं माझी चूक झाली.

यात्रेचे सामने साठ किलो वजनाचे. पहिल्या दिवशी सकाळी सोसायटीच्या खताच्या काट्यावर वजनं घेत होते. थोरला चढला आणि पंच म्हणाले, "साडेसाठ. बाद."

एक कोपरा गेला म्हणजे संघ गेला. पंचांना विनवलं. "दहा वाजता काटा बंद. तवर उतरवा," म्हणाले.

ओट्यावरच्यांना उकळ्या फुटल्या. "मेंढी पोसली, गड्या, लोकर काढा!"

"काढतो की," मी म्हणालो.

घरी धावत आलो. बायको दारात होती. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "आवं, माझ्या तुपानं झालं व्हय हे?"

"तुझ्या तुपानं आन माझ्या डोळंझाकीनं. स्वेटर दे."

तिच्या भावानं पलटणीतून आणलेला जाड लोकरीचा स्वेटर तिनं काढून दिला. तो थोरल्याला घातला, वर घोंगडं गुंडाळलं आणि ओढ्यापर्यंत पळवला. त्याच्या बरोबरीनं मीही पळालो. एकोणपन्नासाव्या वर्षी, धोतर खोचून. तीनदा गेलो, तीनदा आलो. मग न्हाव्याला बोलावून डोकं सफाचट केलं. न्हावी मिशीकडं वळला तेव्हा थोरल्यानं तोंडावर हात ठेवला. "मिशी बिडबेड," धाकटा म्हणाला, आणि सगळे हसले.

दहाला थोडा अवकाश असताना तो परत काट्यावर चढला. दांडी वर गेली, खाली आली, मग मधोमध थांबली. साठ. मिशीसकट.

त्या दोन दिवसांत काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर कागद पुरणार नाही. आटपाडीचा संघ आम्ही असा दाबला की त्यांचा चढाईवाला शेवटी शेवटी यायलाच घाबरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ढालीचा सामना, आणि समोर आष्टा. म्हणजे माझा पोरगा. बायको आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आली. कुणाच्या बाजूला बसावं कळेना, म्हणून मधल्या रेषेच्या टोकाला उभी राहिली.

शेवटची चढाई उरली तेव्हा गुण सारखे होते. चढाई त्यांची. आला तो माझाच. काय चालला होता! मी त्याला लहानपणापासून बघितलेला, पण एवढा सुरेख कधी नाही. डावीकडं झुकला, उजवीकडं फिरला, आमची दोन पोरं मागं सरकली. पाय लांब टाकला. त्या पायाकडं थोरला बघतच होता.

घोटा धरला. माझ्या तोंडातून निघालं, "हिडी! बिडबेड!" अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. धाकटा आडवा पडला. पोरगा मधल्या रेषेकडं सरकत राहिला, हात लांब केला, आईच्या पायापाशी. वितीवर रेषा राहिली आणि त्याचा दम सुटला.

ढाल आमची. ओट्यावरचे नाचत आले. मी आधी पोराकडं गेलो. कोपर सोललं होतं, तोंडात माती.

"आबा, कानडी कवा शिकला?"

"तू गेल्यावर."

तो हसला आणि त्यानं थोरल्याच्या बोडक्या डोक्यावर टपली मारली. बायकोनं दोघांचीही कोपरं पदरानं पुसली.

ढाल देवळात ठेवतोय तोवर ओट्यावरचे तेच लोक म्हणायला लागले, "सौदा वर्षाचाच हुता. आता पोराला परत आना आन या दोघास्नीबी ठिवा." पोरगा तिथंच होता. म्हणाला, "आबा, आष्टा पुढच्या सालला मला कप्तान करनार हाय. हितं आलो तर मी तुमचा पोरगा. तितं मी मी हाय." जत्रेतल्या लोकांसमोर बापाला असं बोलायला कणा लागतो. कणा कुणाचा ते मी सांगत नाही.

मी ओट्याकडं बघून म्हणालो, "तो ऱ्हातो म्हनतोय, तर ऱ्हाईल. संघ मी चालवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वहीचा एक कागद फाडला आणि पोराचा पुढच्या सालचा नवा दाखला लिहिला. बायकोनं पोरासाठी तुपाची बरणी दिली. पहिल्या एसटीनं आष्ट्याला गेलो. मला बघून हेड्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. "त्यो ठीव खांद्यावर," मी म्हणालो, आणि चारचौघांत कागद त्याच्या उघड्या हातावर ठेवला. बरणी दिली. "ह्या तुपावर नजर ठीव. साठाच्या वर जाऊ दिऊ नको," एवढं सांगून परतीची गाडी धरली.