डाव्या हाताचा माऊस

माझं एका माऊसवरून भांडण झालं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

मी नगरला एका शाळेत गणित शिकवते, केडगावात राहते, पन्नाशीला आले आहे आणि रोज संध्याकाळी संगणकावर बंदुकांचा गेम खेळते. धाकटी बहीण आखातात नर्स आहे. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का, बरी आहेस ना’ याच्या पुढे कधी गेलंच नाही. लॉकडाऊनमध्ये तिनं मला हा गेम लावून दिला. कानाला हेडफोन लावून आम्ही दोघी एकाच बाजूनं पळतो, भिंतीआड लपतो आणि त्या पळापळीत ती मला वॉर्डातलं, घरमालकिणीचं, रडू आल्याचं, सगळं सांगते. तिची ड्युटी आणि माझा स्वयंपाक यांच्या मधला तो वेळ आमचा असतो.

तर माझा जुना माऊस बिघडला. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. बंदुकीची दुर्बीण उघडायची आणि लगेच मिटायची. तोवर समोरच्यानं बहिणीला टिपलेलं असायचं.

“ताई, अगं मेले मी! काय करत होतीस?”

“दाबलं गं मी! हा मेला माऊसच ऐकत नाही.”

“मग नवा घे ना. गेमिंगचा घे, हजाराच्या आत चांगला मिळतो. फक्त तुझ्या हाताचं बघ.”

हाताचं बघ म्हणजे, मी डावरी आहे. लिहिते उजव्या हातानं, कारण दुसरीत असताना गुरुजींनी माझा डावा हात रुमालानं बाकाला बांधून ठेवला होता. घरी येऊन सांगितलं तर सगळे म्हणाले, बरंच झालं, सवय होईल. झाली सवय. खडूची झाली, सुईची झाली, कात्रीचीही झाली. पण माऊस हातात आला तेव्हा मी मोठी झालेली होते आणि माझा हात बांधायला कुणी नव्हतं. तो मी डाव्या हातात धरला आणि कधीच सोडला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नवऱ्याला बरोबर घेऊन शहरातल्या एका संगणकाच्या दुकानात गेले. त्यांची गाडी होती म्हणून ते आले, एवढंच. दुकानदार तिशीतला, दाढी कोरलेला. मी म्हटलं, गेमिंगचा माऊस दाखवा.

“मुलासाठी का मॅडम?”

“माझ्यासाठी.”

तो हसला आणि नवऱ्याकडे वळला. “सर, बजेट काय आपलं?”

उत्तर मी दिलं. त्यानं पुढचा प्रश्नही नवऱ्यालाच विचारला. मी बोलत होते आणि तो नवऱ्याकडे बघून माना डोलवत होता, जणू मी त्यांच्या आतून बोलते आहे. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून ‘हं, हं’ करत होता.

मग त्यानं एक माऊस काढला. आतून लाल-हिरवा-निळा उजेड, खोक्यावर मोठमोठे आकडे. पण अंगठा टेकायची खोबण डाव्या बाजूला, म्हणजे सरळ सरळ उजव्या हाताचा. मी म्हटलं, मला डाव्या हातात धरायचा आहे, दोन्हीकडून सारखा असलेला दाखवा.

“गेमिंगमध्ये तसा येतच नाही मॅडम. आणि डाव्या हाताचं काय, सवय होते.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. पण मागे गिऱ्हाईकं उभी होती, नवरा घड्याळ बघत होता, आणि नाही आवडला तर आठ दिवसांत बदलून देतो असं तो म्हणाला. घेतला.

घरी लावला आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं. आकार तर वाईट होताच, करंगळी खोबणीत अडकून दुखायला लागली. पण खरी लबाडी वेगळीच होती. हात सावकाश फिरवला की पडद्यावरचा बाण नीट जायचा, झटका दिला की अर्ध्या वाटेतच थांबायचा. आणि गेममध्ये सगळा खेळ झटक्याचाच. वर वेग बदलायचं बटण होतं. ते दाबलं की उजेडाचा रंग बदलायचा, वेग तोच.

नवऱ्याला सांगितलं तर ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “उजव्या हातानं खेळून बघ ना जरा.”

मी हेडफोन टेबलावर असा आपटला की त्याचा कानावरचा मऊ तुकडा उडून गेला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी माऊस घेऊन पुन्हा दुकानात गेले, नवऱ्यालाही बरोबर नेलं. दुकानदारानं खोकं उघडूनही बघितलं नाही.

“मॅडम, माऊस एकदम ओके आहे. गेम जमायला वेळ लागतो. सर, तुम्हीच समजावा ना.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि ते पुटपुटले, “राहू दे ना आता.”

मी काउंटरला वळसा घालून त्याच्या संगणकापाशी गेले. “उठा,” म्हटलं. वर्गात मागच्या बाकावर बडबड चालली की जो आवाज लागतो, तोच लागला. तो उठला. मी माऊस जोडला, पॉइंटरचा वेग आपोआप वाढवायची सोय बंद केली आणि पर्समधली पट्टी टेबलावर ठेवली. बाण पडद्याच्या डाव्या कडेला नेला. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माऊस सावकाश सरकवला. बाण दुसऱ्या कडेपाशी पोचला. परत मूळ जागी आणला आणि तेवढंच अंतर झटक्यानं नेला. बाण मधेच, त्याच्या बिलाच्या चौकटीवर थांबला.

“पुन्हा बघायचंय?” मी म्हटलं. “का सरांना विचारू?”

दुकानात दोन-तीन कॉलेजची मुलं होती. त्यातला एक जण फिसकन हसला. दुकानदाराचं तोंड उतरलं. “आमच्याकडे कंपनीकडून जसा येतो तसा...” असं काहीतरी तो बोलत राहिला. मी ऐकत नव्हते. मी खालच्या फळीवरची खोकी उपसत होते. तिथं धूळ खात पडलेला एक काळा, बिनउजेडाचा, दोन्ही कुशींनी सारखा माऊस निघाला. हो, गेमिंगचाच. जो येतच नाही असं त्यानं सांगितलं होतं, तो त्याच्या पायाशी पडलेला होता. त्याचीही पट्टीवर तीच परीक्षा घेतली. झटक्यात आणि सावकाश, बाण एकाच ठिकाणी गेला. किंमत आधीच्यापेक्षा कमी. आधीचा परत करून तोच घेतला.

परत येताना मी गाडीवर त्यांच्या खांद्याला न धरता बसले. रेल्वेपुलाच्या अलीकडे त्यांनीच गाडी बाजूला घेतली.

“माझं काय चुकलं? मी तर बोललोही नाही काही.”

“तेच चुकलं. तो प्रत्येक वेळी तुम्हाला विचारत होता. हिला विचारा, एवढं म्हणायला काय जात होतं?”

ट्रक जात होते, धूळ उडत होती. “माझ्या लक्षातच आलं नाही,” म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

नव्या माऊसची बटणं मी उलटी करून घेतली. त्या संध्याकाळी बहीण एकदाही मेली नाही. दुसऱ्या दिवशी वीजबिल भरायला बसलेला नवरा संगणकावर चिडचिड करू लागला, हे काय उलटंच चालतंय म्हणून. मी भाजी चिरत होते, उठले नाही. थोड्या वेळानं ते विळीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “कसं करायचं ते दाखव मला. माझं झालं की परत तुझ्यासारखं करून ठेवीन.” दाखवलं.

इथं सगळं निवलं असतं. पण पंधरवड्यानं प्रिंटरची शाई आणायला मी त्याच दुकानात एकटी गेले, आणि काउंटरवर मी परत केलेला तोच माऊस होता. खोबणीपाशी माझ्या नखाचा ओरखडा होता, तो मी लगेच ओळखला. त्यानं तो पुसून, नव्या खोक्यात घालून ठेवला होता आणि तिसगावहून आलेल्या एका बाईंपुढे उघडून दाखवत होता. बाईंच्या हातात एसटीचं तिकीट आणि रुमालात बांधलेले पैसे होते.

“लेकरानं लाइटवालाच सांगितलाय,” त्या म्हणत होत्या. “चांगला हाय ना?”

“एक नंबर, मावशी.”

“घेऊ नका तो,” मी म्हटलं. “खराब आहे. मीच परत केलाय.”

“मॅडम, तुमचं काम झालंय ना? माझं गिऱ्हाईक का तोडताय?” दुकानदार ओरडलाच.

“तोडणार,” मी म्हटलं. “रोज येऊन तोडीन.” असं दुकानात उभं राहून मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग रुमालाची गाठ पुन्हा आवळली. “बाई, मंग कोंचा घिऊ? मला ह्यातलं काय कळत न्हाई.”

“मुलाचा हात केवढा आहे?”

त्यांनी स्वतःचा पंजा पसरला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून दाखवलं, इथवर. आम्ही दोघींनी मिळून खोकी काढायला सुरुवात केली. दुकानदार फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत राहिला. अर्ध्या तासानं आम्हाला एक हलका, बेताच्या किमतीचा मिळाला, वेणीसारख्या विणलेल्या वायरीचा. त्याला उजेडही होता, थोडासा. बाई खूश झाल्या. मी त्यांना चालत माळीवाड्याच्या एसटी स्टँडपर्यंत सोडलं. प्रिंटरची शाई घ्यायची राहून गेली.