साहेबदेवाचे हरभरे

आयर्लंडमधल्या डंडॉकहून सकाळची बस धरली तेव्हा माझ्या सॅकमध्ये लॅपटॉपऐवजी भिजवलेल्या हरभऱ्यांचा डबा होता. मी नवस फेडायला निघालो होतो.

आमच्या वाडीत, गडाच्या पायथ्याशी, एका गोऱ्या कॅप्टनची समाधी आहे. कंपनी सरकारसाठी त्याने आमचा गड घेतला. आम्ही त्याला साहेबदेव म्हणतो आणि भिजवलेले हरभरे वाहतो. हरभरेच का, ते कुणालाच ठाऊक नाही. दगडाचा वरचा भाग फुटलाय. खाली उरलेलं त्याचं नाव आणि आयर्लंडमधलं गाव मीच शाळेत असताना सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. पुढे माझ्या व्हिसासाठी आईने त्यालाच नवस केला: पोराला तुझ्या देशात घे, तो तुझ्या घरी येऊन हरभरे वाहील. तोवर तिने चहा सोडला. मला इथे येऊन दोन महिने झाले होते, आणि तिचं डोकं रोज दुखत होतं.

तासाभराने उतरलो. गाव म्हणजे एक चर्च, एक पब आणि बाकी सगळी कुरणं. कॅप्टनची पदकं चर्चच्या मागच्या खोलीत, काचेच्या पेटीत होती. किल्ली पॅट नावाच्या आजोबांकडे. एका पदकाच्या रिबिनीवर चांदीची पट्टी होती, तिच्यावर आमच्या गडाचं नाव, पार मोडून लिहिलेलं. शेजारी सिंधच्या लढाईचं पदक. मी बूट काढले आणि हात जोडले. पॅट माझ्या मोज्यांकडे बघत राहिले.

“गडाचं पदक युअर मॅनला (म्हणजे ‘आपल्या या गड्याला’) म्हातारपणी मिळालं,” ते म्हणाले. “त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागला.”

अर्ज म्हटल्यावर मला साहेबाविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

“आमच्याकडे त्यांची समाधी आहे,” मी चाचरत सांगितलं.

“कशी असेल? तो इथेच पुरलाय, खिडकीबाहेर. तुमच्याकडे त्याचा घोडा आहे. गडावर मेला. त्याच्यासाठी दगड बसवला, असं कॅप्टननेच घरी लिहिलंय.”

म्हणजे दगडाच्या फुटलेल्या भागात घोड्याचं नाव होतं, आणि मी गावाला मालकाचं नाव वाचून दाखवलं होतं. बाहेर येऊन आईला व्हिडिओ कॉल केला.

“आई, तो साहेब नाही गं. घोडा आहे.”

“आन् साहेब गडावर चालत गेला व्हता?”

“नाही. घोड्यावर.”

“मग? आन् हरभरं काय साहेब खाईल व्हय, येड्या? बघ तिथं एखादं घोडं.”

पॅट यांचा घोडा कुंपणापलीकडेच चरत होता. “याला हरभरे चालतील?” मी विचारलं.

“तो तुझा कोटही खाईल. ग्रँड!” (इथे सगळंच ‘ग्रँड’ असतं.)

घोड्याने डबा चाटूनपुसून साफ केला. फोनमध्ये आईने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. “फिटला. ठेव आता, चहा टाकायचाय मला.”

परतीच्या बसमध्ये लक्षात आलं, घोड्याचे अकरा फोटो काढले, पदकांचा एकही नाही. सुट्टीत गावी गेलो की दगड पुन्हा नीट वाचून दाखवेन, असं ठरवत होतो. पण कुणाला? ज्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, ते माझ्या कितीतरी आधीपासून तिथे हरभरेच वाहत होते.