आतोबा आणि माझी झोप

झोपेतलं जेवढं आमच्या आतोबांना कळतं, तेवढं अख्ख्या भिलाईत कुणाला कळत नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्मभर स्टील प्लांटमध्ये नाइट शिफ्ट केलेली, त्यामुळे भर दुपारी, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये कसं झोपायचं याचं शास्त्र त्यांनी स्वतःच बनवलेलं. गरोदरपणात, सातव्या महिन्यात माझी झोप उडाली, तेव्हा ते स्कूटरवर चार लोड बांधून आमच्या क्वार्टरवर आले आणि मला त्यांच्यात मशीन बसवावी तसं बसवून गेले. "आता हालू नको," म्हणाले. हालायची सोयच नव्हती. उठायला आईला हाक मारावी लागली.

बाळंतपणानंतर तर झोप कशी असते हेच मी विसरले. बाळ निजलं तरी मी जागीच, त्याचा श्वास ऐकत. दिवस पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसायचे. एकदा भांडं समोर असताना दूध सरळ ओट्यावर ओतलं आणि माझं धाबं दणाणलं. उद्या हातातून बाळच सुटलं तर? मी रडत आईला सांगितलं, आईनं आतोबांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या ठोक्याला आतोबा हजर, हातात जेवणाचा डबा. खिडक्यांना काळा कागद चिकटवला, शेजारचा मिक्सर बंद करवला, डोअरबेलची वायर काढली. "प्लांटमंदी रिलिव्हर आल्याबिगर कोनी मशीन सोडत नाही," ते म्हणाले. "पन तो आला का मंग एक मिनिटबी थांबत नाही. मी आलो ना आता? जाय, झोप." मग रीतसर चार्ज घेतला. शेवटचं दूध कधी, ढेकर निघाला का, सगळं वहीत लिहून खाली माझी सही घेतली.

मी पडले, पण डोळे मिटेनात. दाराच्या फटीतून आतोबा दिसत होते, बाळाला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारणारे.

"आतोबा, हे सारं तुमाले कोनं शिकवलं?" मी आतूनच विचारलं.

त्यांनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आत्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"मी दिवसा झोपो, तवा तुझी आत्या पोराले घेऊन बाहेर फिरे. मे महिन्यातबी," ते म्हणाले. "घरात आवाज नको म्हनून. मले वाटे, बायांले झोपेची गरजच नसते."

मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण त्यांची पावलं लांब लांब जात राहिली. जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि आतोबा अजून उभेच होते.