विनूचा डोळा लागला नव्हता

विनूचा मुलगा मिहिर याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “काका, बाबा गेले,” एवढंच म्हणाला. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो. मग रिक्षाने वासण्याला विनूच्या घरी जाताना मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर पुढच्या लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं, आता ती गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो. दुःख नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं... आणि त्या वाटण्याने गेले दोन महिने मला एका जागी बसू दिलेलं नाही.

विनायक आणि मी पाचवीपासून एका बाकावर. पाणीगेटजवळच्या आमच्या मराठी शाळेत वर्गाचा एक अलिखित नियम होता, नाव सांगायचं नाही. नववीत भूगोलाच्या तासाआधी दंगामस्ती करताना पृथ्वीचा गोल माझ्या हातून खाली पडला. आफ्रिकेपाशी चांगला पोचा आला. सरांनी गोल हातात घेऊन फिरवला, तो एका जागी अडत होता. “कोण?” म्हणाले. मी मान खाली घातली. शेजारचा विनू उठून उभा राहिला. तो उठला म्हणून मला उठावं लागलं, आम्ही दोघं उठलो म्हणून मागचा बाक उठला, आणि बघता बघता अख्खा वर्ग उभा. सर शांतपणे म्हणाले, “एवढ्या बेचाळीस जणांनी मिळून एक गोल पाडलात?” छड्या सगळ्यांना बसल्या. बाहेर आल्यावर मी विनूला म्हटलं, “तू कशाला उठलास?” तो हात झटकत म्हणाला, “जवा दे ने.” म्हणजे जाऊ दे रे. बडोद्यात वाढलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडी हे गुजराती असायचंच, पण विनूचं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांत बसेल.

पुढे आम्ही दोघंही बाजव्याच्या बाजूला एका रसायनांच्या कंपनीत लागलो. कंपनीची बस, एकच पाळी, जेवणाचं टेबलही एकच. मला वाटलं, शाळाच पुढे चालू आहे. नव्वदनंतर मालक बदलले. गळ्यात ओळखपत्रं आली, भिंतीवर तक्ते आले, रोज सकाळी ‘टीम’ हा शब्द ऐकू यायला लागला. पण आमची जुनी रीत आम्ही ठेवली होती. दर तासाला टाकीपाशी जाऊन पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे काम. कोणाला लवकर निघायचं असलं तर शेजारच्याने त्याचं पान सांभाळायचं. साहेबांना कळू द्यायचं नाही.

त्या दिवशी पहिली पाळी होती. माझ्या मुलीची इंग्रजी शाळेत प्रवेशाची मुलाखत एकला होती आणि आई-बाप दोघंही हवे होते. रजा मिळाली नव्हती. बाराला मी विनूला म्हटलं, “कॉस्टिकची टाकी भरायला लावलीय. अजून तीन तास तरी लागतील.” तो म्हणाला, “जा तू. आणि तिथे इंग्रजी फाडू नकोस, पोरीचा चान्स जाईल.” एका पुरवठादाराच्या गाडीत बसून मी बाहेर पडलो. एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. घाईत मी दुसरा पंपही सुरू केला होता. विनूने माझ्या तीन तासांवर विश्वास ठेवला, एकची पातळी अंदाजाने लिहिली, आणि दीडला टाकी भरून वाहायला लागली. कोणाला लागलं नाही, पण कातडी जाळणारं ते कॉस्टिक कुंपणाबाहेरच्या शेतापर्यंत गेलं. नव्या मालकांना एक नाव हवं होतं.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. “दुसरा पंप चालू होता?”

“हो.”

“सांगायचं राहिलं?”

“राहिलं.”

विनूने दाराला पाठ टेकली. मग म्हणाला, “टाकी आज माझ्याकडे होती असं सांगितलंय. डोळा लागला म्हटलं. तसं म्हटलं की पुढचं विचारत नाहीत. तू गेला होतास हे निघालं तर घरीच बसवतील तुला. पोरीचं काय झालं?”

“मिळाला प्रवेश.”

“मग जवा दे ने.”

शाळेत सर सगळ्यांसमोर विचारायचे. इथे एकेकाला आत बोलावलं, दार लावून घेतलं, चहा घेणार का विचारलं. साहेब म्हणाले, “विनायकभाई म्हणतात टाकी त्यांच्याकडे होती. बराबर ने?” मी नववीत उठलो होतो. धैर्य होतं म्हणून उठलो, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. त्या खोलीत कळलं की बेचाळीस डोकी बघत होती म्हणून उठलो होतो. इथे शेजारी बाक नव्हता. मी म्हटलं, “हां, साहेब.” एवढे दोन शब्द. विनूला पॅकिंगला टाकलं, बढती कायमची थांबली. मी शिफ्ट-इनचार्ज झालो.

त्याच्या घरी तो कामावर झोपणारा माणूस ठरला. तो पेपर घेऊन बसला की मिहिर म्हणायचा, “बाबा, डोळा लागेल हं.” सगळे हसायचे, विनूही हसायचा. मीही हसलो आहे. आणि त्याची बायको, सुषमावहिनी, तेव्हापासून रोज त्याला मोठा थर्मास भरून चहा द्यायला लागल्या, झोप येऊ नये म्हणून. विनूला थर्मासचा चहा अजिबात चालायचा नाही. बुचाचा वास येतो म्हणायचा. कॅन्टीनमध्ये तो झाकणात चहा ओतून माझ्यापुढे सरकवायचा. “घे, तुझाच आहे.” थट्टेने म्हणायचा की... मला अजून कळलेलं नाही. मी प्यायचो. स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत त्याचं नाव वर आलं, त्या शेवटच्या दिवसापर्यंत प्यायलो.

तेराव्यानंतर एकदा वासण्याला गेलो होतो. वहिनी एकदम म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तर त्याच पाळीत होतात. खरंच झोपले होते का हो हे?”

दार उघडं होतं. मिहिर आत काहीतरी आवरत होता, ती खडखड थांबली. मी सांगितलं. पंप, मुलाखत, बंद दार, ते दोन शब्द... सगळं. कोणी रडलं नाही की मला बोललं नाही. वहिनी म्हणाल्या, “मग तो चहा?”

“त्याला तो आवडत नव्हता, वहिनी. मी प्यायचो.”

त्या उठल्या, फळीवरून थर्मास काढला, पदराने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. “मग घेऊन जा.” जिन्यापर्यंत मिहिर सोडायला आला. म्हणाला, “काका, कंपनीतले बरेच जण रविवारची पुरवणी वाचतात.” म्हणून हे त्या पुरवणीसाठी लिहिलं.

आता रोज सकाळी मी त्या थर्मासमध्ये चहा भरून ठेवतो आणि अकराच्या सुमारास झाकणात ओतून घेतो. बुचाचा वास येतो, चांगला उग्र. नऊ वर्षं प्यायलो, तेव्हा कधी आला नव्हता.