पिशवीतली सरकी
इथं गुजरातेत शेजारच्या गोठ्यातून भिजवलेल्या सरकीचा आंबूस वास आला, की मला सौंसरची शाळा आठवते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि वर्गात हिंदी आली. शब्द पक्के व्हावेत म्हणून गुरुजी कापडी पिशवीत एखादी वस्तू लपवत. न पाहता हात घालायचा आणि तिचं हिंदी नाव सांगायचं. त्या दिवशी माझी पाळी होती आणि बाबा दारात येऊन उभे होते. "काही शिकून राहिला असन तं ठेवतो, नाई तं उद्यापासून वावरात," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. बोटांना बारीक, लवदार दाणे लागले. रोज गाईपुढे टाकायचो तीच सरकी. पण हिंदी नाव काही केल्या आठवेना. "अबे, गाय खाती है," मागून एक जण कुजबुजला. "तेल निकलता है," दुसरा म्हणाला. शेवटी बाबांनी पुढे होऊन स्वतःच हात घातला. "सरकी हाय हे. कास्तकाराच्या पोराले सरकी वळखू येत नाई, गुरुजी, तं हा इथं करते काय?" वर्ग हसला. मी ओळखली होती, पण ते मला कोणत्याच भाषेत सांगता आलं नाही. बाबा मला घेऊन निघाले. गुरुजी फाटकापर्यंत आले आणि हळूच मला म्हणाले, "बिनौला. मलेही काल पुस्तकात पाहा लागला, बापू." अजूनही परका शब्द अडला की आधी तो वर्ग, मग गुरुजी आठवतात आणि मी समोरच्याला विचारून घेतो.