उजव्या कौलानंतर

लावणी आटपता आटपता नवऱ्याला ताप भरला. आमच्याकडच्या डॉक्टरांनी लेप्टो म्हणून सांगितलं आणि गोव्याला धाडलं. तिथे त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. लेप्टो उतरायला लागला, तर न्यूमोनिया झाला. घशातल्या नळीमुळेच होतो तो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ज्या वाटेने श्वास आत जातो, त्याच वाटेने जंतूही उतरतात.

तोवर आयसीयूबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं होतो. मी, धाकटा दीर आणि मुंबईहून आलेली नणंद. मग दीर गावी गेला आणि त्याने ग्रामदेवीला कौल लावला. मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सकाळी देवळातूनच त्याचा फोन आला.

"वैनी, उजवो दिल्यान! गुरवाचा गाऱ्हाणा पुरा होवच्या आधी टपकन पडलो. आता भियाव नको."

"डॉक्टर अजून काय बोलत नाहीत."

"तेंची मशीन करंटार चलता. आमच्या देवीक करंट लागणा नाय."

मी हसले. नणंदेने बाकावरूनच हात जोडले आणि ती दुपारच्या गाडीने मुंबईला गेली. दीर शेतात राहिला. देवीने सांगितल्यावर बाकावर बसून काय करायचं? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कामं सगळ्यांनाच होती.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. पेशंटचं वय, रक्तदाब, किडनी, ऑक्सिजन, सगळ्याला गुण देतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. जितके गुण जास्त तितका धोका मोठा. नवऱ्याचे पुष्कळ झाले होते. शाळेत कधी एवढे मिळाले नसतील.

"या अवस्थेतले बहुतेक पेशंट वाचत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मिस्टरांचं नक्की काय होईल, ते मला सांगता येणार नाही."

हे मला समजलं. माझा काजू सोलायचा छोटा कारखाना आहे. गोणी बघून त्यात फुटका तुकडा किती निघेल ते मी सांगते. एक बी हातात देऊन ती फुटेल का विचारलंत, तर नाही सांगता यायचं.

पण सांगायचं कोणाला? दिराला सांगायचं म्हणजे देवी खोटी बोलली असं म्हणायचं. तो तसाच चिखलाच्या पायांनी निघून आला असता आणि मलाच त्याला धरून बसवावं लागलं असतं. रोज सकाळी तो विचारायचा, "बरो हा मां?" मी "हां" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

मग मी पुढच्या तयारीला लागले. माणूस गेला तर गोव्याची हद्द ओलांडताना कोणते कागद लागतात, ते ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारून घेतलं. त्याने विचारलं, "पेशंट कोण तुमचो?" मी म्हटलं, "शेजारी." कँटीनमध्ये बांगड्याची कढी बरी असायची. ती संपवायचे, हात धुवायचे, परत बाकावर. फोटो कोणता लावायचा तेही ठरवून टाकलं होतं. रडू आलं नाही. एकटीच होते, रडले असते तरी चाललं असतं.

अँटिबायोटिक बदललं आणि ताप उतरला. हळूहळू मशीनचा जोर कमी केला आणि एका सकाळी नळी काढली. डॉक्टरीणबाईंनाही नवल वाटलेलं दिसलं.

घरी आल्यावर दीर आम्हाला देवळात घेऊन गेला. नणंद मुद्दाम मुंबईहून आली होती. कौल कसा पडला ते जो तो नवऱ्याला सांगत होता, तिथे नसलेलेसुद्धा. मी नारळ दिला, पाया पडले. देवीवर माझा राग नव्हता.

संध्याकाळी पडवीत पेज खाताना नवऱ्याने विचारलं. आवाज अजून बसलेलाच होता.

"ती डॉक्टरीण काय सांगी होती गो? जगतलंय म्हणून सांगल्यान?"

"औषधाक वेळ लागात म्हणाली."

"इतक्याच?"

"इतक्याच."

"म्हणजे तुका नुसता बसान बसान कंटाळो इलो आसतलो."

"इलो तर," मी म्हटलं आणि त्याच्या वाटीत आणखी पेज वाढली.