भिंतीवरचा नकाशा अन् माह्यं डोकं

पेंटरच्या पॅन्टवर जितके डाग, तितके त्याचे किस्से. माही पॅन्ट तर आता वाळत न घालता बी उभी राह्यते! पण एका नकाशानं जितकं डोकं फिरवलं, तितकं कोणत्याच पाटीनं फिरवलं नाई.

आमचं गाव केळझरच्या अंगाले. नाल्यापलीकडं दहा-बारा घरायची टोली हाय. मांगच्या साली तेथी एकाले साप चावला, तं अॅम्बुलन्स भलत्याच गल्लीत फिरत राह्यली. माणूस वाचला नशिबानं. आता त्याच टोलीतली मंदा पोटुशी, दिवस भरत आलेले. आमच्या आशाताई मले म्हणे, "भाऊ, बस स्टॉपच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढा. फाट्यावरून येणारी गाडी सरळ त्या भिंतीसमोरच येते. ड्रायव्हरले बसल्या जागी टोली दिसली पाह्यजे."

मी म्हटलं, "त्यात काय! दोन दिवसाचं काम!"

*

पह्यल्याच दिवशी सरपंच आले. "माह्यं घर जरा मोठं काढजो. दोन मजली हाय."

"नकाशात साऱ्यायचे डब्बे सारखेच. मोठा फक्त दवाखाना."

"अबे, सरपंच हावो मी!"

सटकली माही! "काढतो ना! मंग लोकं दवाखाना समजून बाया तुमच्याच ओसरीवर बाळंतपणाले आणतीन. सरपंचीणबाईले गरम पाणी ठेवाले सांगजा!"

डब्बा छोटाच राह्यला.

*

मंग रंग. घरी जितके उरलेसुरले रंग होते, सारे लावले. गुलाबी घरं, पिवळे रस्ते, जांभळा नाला. मले वाटलं, एक नंबर!

आशाताईनं दुरून पाह्यलं. "भाऊ, टोली कुठी हाय?"

मी शोधत राह्यलो. मीच काढली, अन् मलेच सापडेना!

रागारागात अख्ख्या भिंतीवर चुना मारला. पुन्हा काढलं. रस्ता जाड कायाकुट्ट, नाला निळा, घरं राखडी, अन् लाल फक्त टोली. बस्स!

*

शेतावावरायची जागा मुद्दाम रिकामी सोडली. रिकामी जागा असली तं रस्ता उठून दिसते. तं किराणावाला चंदू आला.

"एवढी भिंत वाया काऊन घालवून राह्यला? कोपऱ्यात माह्या दुकानाचं नाव टाक ना."

"चंदू, दुकानात पोत्यायच्या मधात चालाले जागा सोडतो का तू?"

"नाई."

खरंच नाई सोडत! गिऱ्हाईक आडवं होऊन घुसते त्याच्या दुकानात!

"मंग माह्या भिंतीचं तुह्यं दुकान करू नको!"

*

गुरुजी म्हणे, नकाशात उत्तर दिशा वरतं पाह्यजे. मी तशीच ठेवलती. मंग गावातले सर्वात म्हातारे किसनबुवा काठी टेकत भिंतीसमोर उभे राह्यले.

"नाला माह्या डाव्या हाताले हाय. तू उजवीकडं काढला. नाला उचलून ठेवला का बे?"

"बुवा, उत्तर वर असते!"

"वर आभाय असते!"

मी ब्रश नालीत फेकला अन् घरी गेलो. जेवता जेवता डोक्यात आलं, ड्रायव्हर बी बुवासारखाच भिंतीकडं तोंड करून पाहीन. त्याचा डावा हात तोच बुवाचा डावा हात! सकाळी ब्रश नालीतून काढला, धुतला, अन् नकाशा तिसऱ्या डाव काढला. जे समोर हाय ते वर, म्हंजे दक्षिण वर, अन् नाला डाव्या हाताले.

गुरुजी अजून माह्याशी बोलत नाई.

*

नकाशा पुरा झाला, अन् चौथ्या दिवशी भर दुपारी मंदाले कळा सुरू झाल्या. आशाताईनं टोलीतूनच फोन लावला. अॅम्बुलन्स फाट्यावरून आली तं अख्खं गाव बस स्टॉपवर! सरपंच हात दाखवून राह्यले, चंदू ओरडून राह्यला, बुवा काठी फिरवून राह्यले. अन् मी तं भिंतीले पाठ लावून सर्वायच्या समोर. "पह्यले डावीकडं! मंग पूल! पुलावरून सरळ..."

ड्रायव्हरनं काच खाली केली.

"ओ भाऊ!"

"काय?"

"बाजूले व्हा ना. नकाशा दिसून नाई राह्यला!"

मी बाजूले झालो. सारेच झाले. त्यानं एक डाव भिंतीकडं पाह्यलं, अन् गाडी डावीकडं वळवली.